ताजमधली एक रात्र आणि सांगलीचं घर

सातारा-सांगलीकडच्या बहुतेक घरांत ताजमहाल हॉटेलचा एक तरी फोटो सापडतोच. आत गेल्याचा नव्हे हं, बाहेरून काढलेला! मुंबईला गेलं की गेटवेपाशी जायचं, कबुतरांना दाणे टाकायचे आणि तिथल्या फोटोवाल्याकडून फोटो काढून घ्यायचा. मध्ये आपण, उन्हामुळे डोळे बारीक केलेले, आणि मागे तो लाल घुमट. आमच्याकडे असे तीन फोटो होते. दोन पुरात गेले.

तसं पाहिलं तर आमच्याकडच्या माणसांचं आणि मुंबईचं नातं फोटोपुरतं नाही. जावळी, पाटण, खटाव, शिराळा... कुठल्याही गावात जा, घरटी एक माणूस मुंबईत. कुणी गिरणीत होतं, कुणी गोदीत, कुणी माथाडी. या लोकांनी तीस-तीस वर्षं मुंबईत काढली आणि रविवारी गावाकडून आलेल्या पाहुण्यांना गेटवे दाखवायला नेलं. ताजकडे बोट करून "हे टाटांचं हॉटेल" एवढं सांगायचं आणि पुढे भेळ खायला जायचं. आत काय आहे हा प्रश्न कुणाला पडत नसे. पडला तरी उत्तर ठरलेलं, "आपल्याला काय करायचंय?"

तर हाच प्रश्न आईनेही विचारला. "तिथं जाऊन करायचं काय?"

झालं असं की २०२३ साली आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. दादाचं म्हणणं काहीतरी मोठं करू. आईचं म्हणणं काहीही करू नका. सत्यनारायण नको, साडी नको, तुला तर मुळीच नको ("मला तराजूत बसवणार? मी काय गूळ आहे?"). आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती, त्यामुळे तिच्या "नको"ला आम्ही पन्नाशीतली मुलंसुद्धा घाबरतो. शेवटी दादानेच एकदा साताऱ्याहून फोन केला, "ताजमध्ये एक रात्र राहू दे तिला. बाहेरून किती वेळा बघायचं?" पैसे दोघांनी अर्धे-अर्धे घालायचे ठरले. डिसेंबरातली तारीख मिळाली, आणि आईबरोबर मी जायचं ठरलं, कारण दादाला सुट्टी नव्हती. भाडं किती हे आईला सांगायचं नाही हेही ठरलं. (मावशी, तू हे वाचत असशील तर अजूनही सांगू नकोस!)

पण ताजच्या आधी घराचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं घर सांगलीत गावभागात, नदीपासून चालत पाच-सात मिनिटांवर. खाली तीन खोल्या, वर दोन, मागे आड, पुढे तुळस. अण्णांनी म्हणजे वडिलांनी घेतलेलं. कृष्णा म्हणजे आमच्यासाठी संध्याकाळी फिरायला जायची जागा. २००५ साली पाणी घरात आलं तेव्हा अण्णा होते. पाणी उतरल्यावर त्यांनी मधल्या खोलीतल्या भिंतीवर पेन्सिलने आडवी रेघ मारली आणि पुढे तारीख लिहिली. रेघ माझ्या कमरेच्या उंचीवर होती. अण्णा २०१२ ला गेले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे कल्पना करा. मारुती चौक, टिळक चौक सगळं पाण्यात. आमच्या खालच्या खोल्या दाराच्या चौकटीपर्यंत बुडाल्या. आई आधीच विश्रामबागला आत्याकडे गेली होती. पाणी उतरल्यावर मी आणि दादा गेलो तेव्हा जो वास आला तो ज्यांनी पूर पाहिलाय त्यांनाच कळेल. कपाटं फुगून उघडेनात, गाद्या कापून बाहेर काढाव्या लागल्या, आणि घोट्यापर्यंत तो बारीक, गुळगुळीत गाळ. आईने सहा महिने घासलं, धुतलं, चुना दिला. आणि चुना द्यायच्या आधी स्टुलावर चढून नवी रेघ मारली. अण्णांची रेघ आणि ही रेघ, दोन्ही सोडून मग बाकीच्या भिंतीला चुना!

मग २०२१ चा जुलै. या वेळी आई घरातच होती, वरच्या मजल्यावर. "वर येत नाही पाणी" म्हणून बसून राहिली. वीज गेली, फोन बंद पडला. एक पूर्ण रात्र आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचा आवाज आम्हाला ऐकू आला नाही. पुण्यात मी आणि साताऱ्यात दादा, दोघं फक्त एकमेकांना फोन करत होतो. दुपारी बोटीतल्या मुलांनी तिला बाहेर काढलं तेव्हा तिच्या हातात घराची किल्ली आणि रेशनकार्ड होतं. त्यानंतर दादाने तिला जी साताऱ्याला आणली ती आणलीच. घराला कुलूप लागलं. वर्षभरात एक गिऱ्हाईकही आलं, जागेसाठी. दादाचं मत विकून टाकावं. माझंही साधारण तेच. आई काही बोलत नसे. ती फक्त कागदांवर सही करत नव्हती.

हे सगळं बरोबर घेऊन आम्ही ताजला गेलो. बॅगेत शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि साताऱ्याचे कंदी पेढेही होते. "रात्री भूक लागली तर? तिथं काय मिळतंय न मिळतंय." म्हटलं, आई, ते हॉटेल आहे!

पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबई, तिथून काळी-पिवळी टॅक्सी. टॅक्सीवाल्याला "ताज" म्हटल्यावर त्याने आधी "गेटवे ना?" असं विचारलं. आमच्या चेहऱ्यावर कदाचित लिहिलेलं असावं. दारात बॅगा यंत्रातून गेल्या, आम्हीही गेलो. आत एका मुलीने कपाळाला टिळा लावला आणि गळ्यात हार घातला. आई इतकी अवघडली की तिने त्या मुलीलाच नमस्कार केला. नंतर हळूच मला म्हणाली, "हे आपण करायचं असतं गं पाहुण्यांना."

पुढचा अख्खा दिवस या एका वाक्यावर चालला असं म्हणायला हरकत नाही. आईने आयुष्यभर पाहुणे केले. अण्णांच्या गावाकडून दवाखान्याला आलेले, कोर्टाच्या तारखेला आलेले, मुलीला स्थळ बघायला आलेले, सगळे आमच्याकडे उतरायचे. तिला पाहुणं होता येत नाही. सामान उचलायला मुलगा आला तर तिने बॅगेचा एक बंद सोडलाच नाही. दोघं मिळून बॅग घेऊन चालले. खोलीत गेल्यावर तिने पहिल्यांदा न्हाणीघर बघितलं, मग उशीचा अभ्रा उलटा करून शिवण बघितली, मग खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून धूळ बघितली. नव्हती. "बरं ठेवलंय," म्हणाली. म्हणजे पास.

खिडकीतून गेटवे आणि मागे समुद्र. इतकी वर्षं गेटवेकडून ताज बघितला, आता ताजमधून गेटवे. एवढंसं फिरल्याने केवढा फरक पडतो! खाली कबुतरं, फोटोवाले, फुगेवाले आणि बाहेरगावची माणसं. आई बराच वेळ त्यांच्याकडेच बघत होती. "ती बघ, ती बाई आपल्याकडची दिसतीय. नऊवारी बघ."

हॉटेलच्या जुन्या भागात राहणाऱ्यांसाठी इमारत फिरवून दाखवायची सोय आहे. संध्याकाळी आम्ही गेलो. आईने चष्मा लावला, पर्समधून लहान वही काढली. (शिक्षिका रिटायर होते, सवय नाही.) तिथं ऐकलेलं आणि मी आधी वाचलेलं असं मिळून थोडं सांगते.

हे हॉटेल गेटवेपेक्षा जुनं. मला उलट वाटायचं, तुम्हालाही वाटत असेल. हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला आणि गेटवेचं उद्घाटन १९२४ चं. म्हणजे वीस वर्षं तो समोरचा दरवाजा नव्हताच, बोटीतून येणाऱ्याला आधी हे हॉटेलच दिसायचं. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य इमारत पुरी होण्याआधीच गेले आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने तडीस नेलं. "इमारत चुकून उलटी बांधली, तोंड समुद्राकडे करायचं ते शहराकडे झालं, म्हणून आर्किटेक्टने जीव दिला" ही गोष्ट आमच्या शाळेच्या सहलीत गाइडने अगदी रंगवून सांगितली होती. ती थाप आहे. दार शहराच्या बाजूला ठेवलं ते ठरवूनच. जिथे घोडागाड्या यायच्या तिथे आज पोहण्याचा तलाव आहे.

आईला हे सगळं आवडत होतं, पण तिचा हात वहीवर थांबला तो दुसऱ्याच गोष्टीला. जमशेटजी टाटांनी ही जागा घेतली १८९८ साली. मुंबईत प्लेग आला १८९६ ला. म्हणजे माणसं शहर सोडून पळत होती, घरंच्या घरं ओस पडत होती, आणि हा माणूस समुद्राकाठी भराव घातलेल्या जमिनीवर पाहुण्यांसाठी घर बांधायला निघाला होता! आईची आजी प्लेगाच्या गोष्टी सांगायची. गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहिलेले लोक, घरात उंदीर मेला की निघायचं, साथ ओसरली की परत यायचं. आई म्हणाली, "परत यायचं धरूनच जायचे ते. कुणी गाव विकलं नाही." मी काही बोलले नाही. बोलणं कुठे चाललंय ते मला कळत होतं.

जमशेटजींना हॉटेल उघडलेलं बघायला मिळालं, पण पुढच्याच वर्षी मे महिन्यात ते जर्मनीत वारले. पहिल्या महायुद्धात इथं ६०० खाटांचं रुग्णालय होतं. मधल्या घुमटाखाली जो मोठा जिना आहे, जो खालून आधाराशिवाय तरंगल्यासारखा वाटतो, त्याच्या पायथ्याशी जमशेटजींचा अर्धपुतळा आहे. आईने चप्पल बाजूला काढून त्याला नमस्कार केला. बरोबरचे दोन परदेशी पाहुणे थांबून बघत राहिले. तिला त्याचं काही नव्हतं.

आणि मग २००८. ते सांगायला नको, आपण सगळ्यांनी ते तीन दिवस टीव्हीसमोर बसून काढले. घुमटाच्या बाजूने निघणारा धूर अजूनही डोळ्यांसमोर येतो. पाहुण्यांना बाहेर काढताना इथले कितीतरी कामगार स्वतः गेले. जनरल मॅनेजर खाली लोकांना वाचवत होते आणि वर सहाव्या मजल्यावर त्यांची बायको आणि दोन मुलं गेली. आत एक स्मारक आहे, त्यावर ३१ नावं आहेत. आई एकेका नावाखाली बोट धरून वाचत गेली, वर्गातली हजेरी घेतल्यासारखी. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाकीचे पुढे गेले तरी आम्ही तिथेच.

शेवटी तिने दाखवणाऱ्याला एकच प्रश्न विचारला. "बंद किती दिवस होतं?"

नवा टॉवर महिन्याभराच्या आत, २१ डिसेंबर २००८ लाच उघडला. जुना भाग, म्हणजे आम्ही उभे होतो तो, १५ ऑगस्ट २०१० ला. आईने दोन्ही तारखा वहीत लिहून घेतल्या. खाली वजाबाकी केली. "पावणेदोन वर्षं," मला म्हणाली.

चहाला आम्ही वर सी लाउंजमध्ये गेलो. एकेकाळी मुंबईतली बडी कुटुंबं मुलगी दाखवायचा कार्यक्रम तिथं करायची म्हणे. आईला फार गंमत वाटली. "म्हणजे आपले कांदेपोहेच की! फक्त पोहे दुसऱ्यानं करायचे." चहा तिला पातळ वाटला. समुद्र मात्र पुष्कळ आवडला. या खिडक्यांतून २८ फेब्रुवारी १९४८ ला कुणी बघत बसलं असेल तर शेवटची इंग्रज पलटण गेटवेच्या कमानीखालून बोटीवर चढताना त्याला दिसली असेल, असं मी तिला सांगितलं. "माझ्याच जन्माचं वर्ष," ती म्हणाली. "मी आले आणि ते गेले!" आणि आपल्याच विनोदावर हसली. तिला असं हसताना मी साताऱ्याला गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी खोलीवर एक मुलगा आला, पडदे ओढायला, अंथरूण रात्रीसाठी सारखं करायला. आईला ते पटेना. "राहू दे बाळ, मी घालते." तो हसून "नाही मॅडम, माझं कामच आहे" म्हणाला. त्या "माझं कामच" मधल्या हेलावरून आईने ओळखलं. "गाव कुठलं तुझं?" "साताऱ्याकडचं, मॅडम. पाटण तालुका." झालं! मॅडमची आजी झाली, कंदी पेढ्यांचा डबा उघडला, गावाचं नाव, शेती किती, बहिणीचं लग्न झालं का, सगळं दहा मिनिटांत. मग आईने हळूच विचारलं, "इथली आगीची ओल... म्हणजे पाणी मारलं असेल ना तेव्हा... ती गेली का रे सगळी? वास येत नाही ना कुठं?"

तो म्हणाला, "मी तेव्हा चौथीत होतो आजी. पण जुनी इमारत आहे. त्यातून समुद्राचा वारा. रोज कुठं ना कुठं काम चालूच असतं."

"रोज?"

"रोजच. एक झालं की दुसरं निघतंच."

तो गेल्यावर आई खिडकीशी खुर्ची घेऊन बसली. बाहेर गेटवेवर दिवे लागले होते. मला वाटलं समुद्र बघतेय. बऱ्याच वेळानं म्हणाली, "एवढं मोठं हॉटेल, यांना पावणेदोन वर्षं लागली. आणि तुम्ही मला वर्षाच्या आत गिऱ्हाईक आणून दाखवलंत."

मी म्हटलं, "आई, त्यांच्याकडे पैसा आहे. माणसं आहेत. तुझ्याकडे पेन्शन आहे आणि गुडघे आहेत."

"मला कुठं घुमट बांधायचाय?"

"आणि ती रात्र? आम्ही दोघं काय झालो होतो ते तुला माहीत नाही."

यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "माहीत आहे. मी पण घाबरले होते. पण त्याच आठवड्यात पाटणला डोंगर खाली आला की नाही? आंबेघरला, मिरगावला माणसं गाडली गेली. म्हणून साताऱ्यातनं कुणी कुणाला हलवलं का? पाणी तर तुमच्या साताऱ्याचंच येतं आमच्याकडे."

हे मात्र खरं आहे. कृष्णा निघते महाबळेश्वरला, साताऱ्याशेजारी माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला कोयना. १०५ टीएमसीचं कोयना धरण भरलं आणि दारं उघडली की सांगलीत लोक आयर्विन पुलावर पाणी मोजायला जातात. सांगलीला लागूनच हरिपूरला वारणा येऊन मिळते, आणि ती फुगलेली असली की आमचं पाणी पुढे सरकत नाही. साताऱ्यात बसून आई टीव्हीवर कोयनेच्या विसर्गाचे आकडे बघते आणि आपलं घर कितव्या पायरीपर्यंत बुडेल याचा हिशेब करते. सुरक्षित जागी बसून रोज बुडायचं, असं काहीसं तिचं चाललं होतं. आम्हाला वाटत होतं की ती रुळली.

त्या रात्री आम्ही भांडलो नाही. खरंतर घराबद्दल इतकं सरळ पहिल्यांदाच बोललो. साताऱ्यात ते जमत नव्हतं, कारण तिथं ती मुलाच्या घरी होती, सुनेच्या स्वयंपाकघराच्या बाहेर. सांगलीला गेलो तर कुलूप आणि वास. पुण्यात माझं घर. हॉटेलची खोली कुणाचीच नसते, हा तिचा मोठा गुण! तिथं यजमान कुणी नव्हतं, त्यामुळे कुणाचा मान राखायचा नव्हता. आई दशमी-चटणी खात (हो, खाल्लीच!) तिचं गणित मांडत गेली आणि मी ऐकत गेले.

गणित असं. पूर येतो तो जुलै-ऑगस्टात. म्हणजे वर्षातले तीन-साडेतीन महिने नदीचे. बाकीचे आठ-साडेआठ आपले. आषाढ लागला की साताऱ्याला यायचं, दसरा-दिवाळीला परत जायचं. प्लेगात लोक जायचे-यायचे तसं. खालच्या खोल्यांत पाण्यात खराब होईल असं काही ठेवायचंच नाही. कपाट नाही, गादी नाही, फ्रीज नाही. मीटर वर न्यायचा. खाली शहाबादी फरशी, दगडी कट्टा आणि लोखंडी खुर्च्या. पाणी आलं तर येऊन जाईल, मग पाइपने धुवायचं. राहायचं वर.

"आणि दर वर्षी तेच करायचं?" मी विचारलं.

"तो मुलगा काय म्हणाला? रोज."

सकाळी मला जाग आली तेव्हा तिने पलंग आवरला होता. चादर ताणून, उशा एकावर एक, पांघरुणाची चौकोनी घडी. टॉवेल वाळत घातलेले. न्हाणीघराची फरशी पुसलेली. मी म्हटलं, "आई, अगं ते येऊन सगळं काढणार आणि नवीन घालणार." तर म्हणे, "घालू देत. पण त्या पोराला आत आल्यावर बरं वाटेल."

निघाल्यावर तिने टॅक्सी गिरगाव चौपाटीकडे घ्यायला लावली. तिथं तुकाराम ओंबळे यांचं स्मारक आहे. ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. आईची पहिली नेमणूक मेढ्याकडेच होती, त्यामुळे ते गाव तिला रस्त्यावरचं म्हणून माहीत. २६ नोव्हेंबरच्या रात्री हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ताजमधल्या स्मारकापुढे उभी राहिल्यापासून आईच्या मनात हे होतं. उरलेले पेढे तिने तिथं ठेवले. "हॉटेलातल्यांचं झालं, आपल्या माणसाचं राहायला नको," एवढंच म्हणाली.

दादाला पटवायला पुढे दोन महिने लागले. त्याची बाजूही चुकीची नव्हती. आईला काही झालं तर धावायचं त्याला आहे. शेवटी त्याने तीन अटी घातल्या. आयर्विन पुलापाशी पाणी ३० फुटांवर गेलं की वाद न घालता निघायचं, शेजारच्या दोन घरांत किल्ली ठेवायची, आणि चार्ज केलेला जादा फोन कायम उशाशी. आईने तिन्ही मान्य केल्या. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. २०२४ च्या दिवाळीत घराचं कुलूप निघालं. चुना देताना गवंडी त्या रेघांवरून हात फिरवणार होता, आईने त्याला थांबवलं. आता तीन रेघा आहेत. तिसरी मी मारली, पण गाळाचा डाग बघून तारीख आईने सांगितली.

अजूनही मला तिची काळजी वाटते. जुलैत कोयनेचे आकडे मी पण बघते. सगळं छान झालं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही, कारण नदी काही आमच्या तीन अटी वाचून येणार नाही. पण साताऱ्यात ती खुर्चीत बसून असायची आणि सांगलीत दिवसभर कशाच्या ना कशाच्या मागे असते. आज गवंडी, उद्या वायरमन, परवा आड उपसायचा. फोन केला की म्हणते, "ठेव आता, काम चालू आहे."

असो. ताज कसं होतं, जेवण कसं होतं, आत काय काय आहे असं बऱ्याच जणांनी विचारलंय. नातेवाइकांना आमंत्रण आहे. आषाढाच्या आधी खालचं उरलंसुरलं सामान वर चढवायचं असतं आणि दोन-चार धडधाकट माणसं कमीच पडतात. तेव्हा या. आई सगळं सविस्तर सांगेल, वहीत लिहून ठेवलंय तिने. चहा दाट मिळेल.